पिकअपला लो रेशोचा क्राउन-पिनियन: आकडा कसा ठरवायचा, काम कसं करून घ्यायचं

भिवंडीच्या गोदामातून दीड टन माल भरलेली पिकअप घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला लागली की चौथ्या गिअरमध्ये दम सोडते आणि तिसऱ्यात टाकली की इंजिन किंचाळायला लागतं. ड्रायव्हर तिसरा-चौथा करत राहतो, सिग्नलला हाफ क्लचवर गाडी उचलतो आणि क्लच प्लेट वेळेआधी संपते. अशा गाडीला गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, ‘लो रेशोचा क्राउन-पिनियन टाका.’ क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी. सल्ला काही गाड्यांना अगदी बरोबर असतो, काहींना तो पैसे पाण्यात घालायला लावतो. कोणत्या गाडीला तो लागू पडतो, आकडा कसा काढायचा आणि काम करून घेताना कुठे लक्ष ठेवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, व्ही-क्रॉस, हायलक्स अशा, मागे अखंड हौसिंग (मागच्या एक्सलचं कवच) असलेल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे.

लो म्हणजे मोठा आकडा

गिअरबॉक्समधून निघालेला जॉइंट शाफ्ट मागच्या हौसिंगमधल्या छोट्या टेल पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राउनला आणि क्राउन चाकांना. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. ४१ ला ११ ने भागलं तर ३.७३, १० ने भागलं तर ४.१० आणि ९ ने भागलं तर ४.५६. चाक एकदा फिरायला जॉइंट शाफ्टला तितके फेरे मारावे लागतात.

नवख्यांचा घोळ इथेच होतो. आकडा जितका मोठा तितका रेशो ‘लो’, कारण गाडी गिअरबॉक्सच्या खालच्या गिअरसारखी वागायला लागते: खेच जास्त, वेग कमी. दुकानात ‘लो द्या’, ‘हाय द्या’ असं मागितलंत तर काउंटरवरचा माणूस नेमकं उलटं समजू शकतो. नेहमी दात सांगा, ‘एक्केचाळीस-नऊ’. मग चूक व्हायला जागाच उरत नाही.

लो रेशोची टोकाची उदाहरणं जुन्या जीपमध्ये सापडतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ४.८८ होता, पुढच्या सीजे-३बीला ५.३८. चिखलात त्या हटत नसत आणि मोकळ्या रस्त्यावर फार लवकर ओरडायला लागत.

आधी गाडी आजारी नाही ना, ते बघा

गाडी आधी चढत होती आणि आता चढत नसेल, तर रेशोचा विषयच काढू नका. रेशो आपोआप बदलत नाही. क्लच घसरतोय का ते पाहायला चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग जागच्या जागी राहिला तर क्लच गेलाय. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटलेला असेल, तर शिटीसारखा आवाज येतो आणि काळा धूर निघतो. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, मागच्या ड्रमचे ब्रेक घासून चाक गरम होतंय का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, एवढं तरी बघून घ्या. बीएस-६ गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबला तर इंजिन स्वतःहून ताकद कमी करतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. यातलं काही निघालं तर ते दुरुस्त करून महिनाभर गाडी चालवा, मग ठरवा.

आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. लो रेशोने गाडीची वजन उचलायची क्षमता वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन पाटे, एक्सल, ब्रेक आणि टायर यांच्यावर ठरतं. ज्यांना रोज अर्धा टन जादा भरायचा आहे त्यांनी मोठी गाडी घ्यावी.

तुमची गाडी कुठे आणि कशी चालते

हा प्रश्न बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. वाशीच्या एपीएमसीतून पहाटे भाजी भरून दादर-परळला येणारी गाडी क्वचितच ६० च्या वर जाते. तिला लो रेशो मानवतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया घेऊन खोपोली-खंडाळा चढणाऱ्या किंवा कसारा घाटाने नाशिकला जाणाऱ्या गाडीलाही मानवतो. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक जास्त लागतो, हा वरचा फायदा. उलट, सुरत-मुंबई महामार्गावर निम्मा वेळ रिकामी पळणाऱ्या गाडीला किंवा आठवड्यातून एकदा अलिबागला जाणाऱ्या खासगी व्ही-क्रॉसला लो रेशो म्हणजे नुसता आवाज आणि जादा डिझेल.

पिवळ्या पाटीच्या बहुतेक पिकअपना ८० चा स्पीड लिमिटर असतो. म्हणजे १०० च्या वेगाला इंजिन किती ओरडेल याची चिंता त्यांना करायची गरजच नाही. खासगी पाटीवाल्यांना आहे.

आठवडाभर एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: भरलेल्या गाडीने सर्वाधिक वेळ कोणता गिअर आणि किती वेग असतो, कोणत्या चढाला कोणता गिअर टाकावा लागतो आणि रिकामी गाडी जास्तीत जास्त किती पळते. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्यालाच लिहायला सांगा, मालकाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

सध्याचा रेशो शोधा

हौसिंगच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याचा बिल्ला असतो किंवा हौसिंगच्या नळीवर स्टिकर असतो. जुन्या गाडीत तो गंजलेला किंवा गायब असतो. मग चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारा. एकाच नावाच्या गाडीत पेलोडनुसार आणि सालानुसार रेशो वेगळे येतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपला धरू नका. दोन्ही मार्ग बंद असतील तर हाताने मोजा:

१. सपाट जागी गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणून तो सोडावा लागेल. ठोकळे आधी, हँडब्रेक नंतर.

२. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. जमिनीवर राहिलेल्या मागच्या चाकालाही ठोकळा लावा.

३. टायरवर आणि जॉइंट शाफ्टवर खडूने खूण करा.

४. एकाने चाक बरोबर २० फेरे फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना १० ने भागा. ४१ फेरे झाले तर रेशो ४.१०, साधारण ३७ आणि थोडे वर झाले तर ३.७३.

दोनच फेऱ्यांत मोजून ‘चारच्या आसपास आहे’ म्हणणारे भेटतात. त्या मापात ३.९ आणि ४.१ यांतला फरकच कळत नाही.

हिशेब: कॅल्क्युलेटर घ्या

दोन हिशेब लागतात. पहिला आरपीएमचा. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरवर खडूची खूण करून चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. कागदावरच्या टायरच्या मापापेक्षा हे अंतर थोडं कमी भरतं, कारण वजनाखाली टायर बसतो. २१५/७५ आर १५ टायरला ते साधारण २.१५ मीटर धरू. आता:

वेग (किमी) × १६.६७ ÷ टायरचं अंतर (मीटर) = चाकाचे मिनिटाला फेरे.
त्याला गिअरबॉक्सच्या गिअरच्या रेशोने आणि एक्सलच्या रेशोने गुणलं की इंजिनाचे आरपीएम.

समजा चौथा गिअर १.०० आहे आणि वेग ५०. चाकाचे फेरे ३८८ येतात. ३.७३ ला इंजिन १,४४६ वर, ४.१० ला १,५८९ वर, ४.५६ ला १,७६७ वर. बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांचा पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर) १,६०० च्या आसपास मिळायला लागतो. तुमच्या इंजिनाचा नेमका पट्टा माहितीपुस्तिकेत असतो. म्हणजे ५० च्या वेगाला चौथ्यात ३.७३ ची गाडी त्या पट्ट्याच्या खाली रेंगाळते, ४.१० ची उंबरठ्यावर असते आणि ४.५६ ची आत.

दुसरा हिशेब खेचेचा. एकूण ३,००० किलोची गाडी ६ टक्के चढावर आहे, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ६ मीटर वर. चढाचा विरोध ३,००० × ९.८१ × ०.०६ = १,७६६ न्यूटन. टायर लोळवायला वजनाचा सव्वा टक्क्याच्या आसपासचा विरोध धरला तर साधारण ३५० आणखी. एकूण २,१२० च्या घरात. टायरची त्रिज्या ०.३४२ मीटर (२.१५ ला ६.२८ ने भागा), म्हणून चाकांवर ७२५ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आणि वाटेत गिअर, बेअरिंगांमध्ये दहा टक्के वाया गेला असं धरलं, तर चौथ्यात ३.७३ ला चाकांवर ६७१ मिळतो, ४.१० ला ७३८ आणि ४.५६ ला ८२१.

पहिल्या गाडीला तिसरा टाकावाच लागेल. दुसरी चढेल, पण पुढचा रिक्षावाला थांबला की संपलं, कारण हाताशी शिल्लक काही नाही. तिसरीकडे शिल्लक आहे. तिसऱ्या गिअरचा रेशो १.५ असेल तर ३.७३ ची गाडी तिसऱ्यात ५० ला २,१६९ आरपीएमवर फिरेल. ‘चौथ्यात दम नाही, तिसऱ्यात ओरडते’ ही ड्रायव्हरची तक्रार आकड्यांत अशी दिसते, आणि लो रेशो खऱ्या अर्थाने सोडवतो तो प्रश्न हाच. दोन गिअरांमधल्या दरीत गाडी अडकत नसेल, तर तुम्हाला त्याची गरज नसण्याची शक्यता मोठी.

आता वरच्या वेगाची किंमतही बघा. ८० ला पाचव्या गिअरमध्ये (०.८५ धरून) ३.७३ ला १,९६६ आरपीएम, ४.१० ला २,१६१, ४.५६ ला २,४०४. रिकाम्या गाडीने लांब पल्ला मारताना हा फरक डिझेलमध्ये आणि कानात दोन्हीकडे जाणवतो.

टायर मोठे लावले असतील तर

मोठ्या टायरने रेशो नकळत हाय होतो. मूळची खेच परत हवी असेल तर जुन्या रेशोला नव्या टायरच्या व्यासाने गुणा आणि जुन्या व्यासाने भागा. २४५/७० आर १६ चा व्यास ७४९ मिमी, २६५/७० आर १६ चा ७७७. मूळ रेशो ४.१० असेल तर उत्तर ४.२५ येतं, जवळचा मिळणारा म्हणजे ४.३०. पण मोठ्या टायरच्या हौसेपायी हौसिंग उघडण्याआधी मूळ मापाचे टायर परत लावून बघा. ते कितीतरी स्वस्त पडतं.

किती खाली उतरायचं

पाच टक्क्यांच्या आतला बदल ड्रायव्हरला जाणवत नाही, त्यासाठी हौसिंग उघडू नये. दहा टक्क्यांच्या आसपासचा बदल, म्हणजे ३.७३ वरून ४.१० किंवा ४.१० वरून ४.५६, स्पष्ट जाणवतो आणि बहुतेक मालवाहू पिकअपना तेवढा पुरतो. वीस टक्क्यांच्या वर गेलात तर पहिला गिअर इतका आखूड होतो की गाडी हलली न हलली तोच दुसरा टाकावा लागतो, आणि शहरात ते वैताग आणतं. शिवाय लो रेशोचा पिनियन लहान आणि कमी दातांचा असतो. छोट्या हौसिंगमध्ये आठ दातांचा पिनियन घालून दीड टन ओढायला लावला, तर दात तुटण्याचा धोका वाढतो. जॉइंट शाफ्टही जास्त वेगाने फिरतो: ८० ला ३.७३ वर मिनिटाला २,३१३ फेरे, ४.५६ वर २,८२८. शाफ्टचा बॅलन्स थोडा जरी बिघडलेला असेल किंवा क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) सैल असतील, तर आजवर न जाणवलेला थरथराट तेव्हा वर येतो.

आमचं मत विचाराल तर एकच पायरी उतरा, आणि शक्यतो कंपनीने त्याच हौसिंगसाठी, जास्त पेलोडच्या मॉडेलला दिलेलाच रेशो घ्या.

फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही रेशो बदलावे लागतात. फक्त मागचा बदलून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावलंत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटतो. खर्च दुप्पट, हे आधीच धरून चाला.

स्पीडोमीटर, कॉम्प्युटर आणि कागदपत्रं

वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असेल तर रेशो बदलल्यावर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. ४.१० चा ४.५६ केला की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ७२ वर असते, आणि लिमिटर तिथेच तिला अडवतो. किलोमीटरही अकरा टक्के जास्त पडतात. त्यामुळे मायलेज वाढल्यासारखं दिसतं: खरं १२ असेल तर कागदावर १३.३. ‘लो रेशो टाकला आणि ॲव्हरेज वाढलं’ अशा गोष्टींमागे बऱ्याचदा एवढंच असतं. ज्या गाड्यांत वेग एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरवरून घेतला जातो, तिथे काटा बरोबर राहतो.

नव्या गाड्यांत ईएसपी, गिअर बदलायचा इशारा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे सगळे इंजिनाचे फेरे आणि चाकाचा वेग ताडून बघतात. रेशो बदलल्यावर ताळमेळ बिघडून दिवे लागू शकतात. कंपनीच्या स्कॅनरमधून नवा रेशो भरता येतो का, ते आधी विचारा आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच थांबा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. एक्सलचा रेशो आरसीवर लिहिलेला नसतो, तरी वॉरंटीतल्या गाडीत हा बदल करणं म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडणं. विमा कंपनीला लेखी कळवा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. त्या तारखेच्या आधी स्पीडोमीटर दुरुस्त झालेला असू द्या.

सामान: नवं की कुर्ल्याचं

दोन रस्ते आहेत. पहिला, क्राउन-पिनियनचा नवा सेट आणून जुन्या हौसिंगमध्ये बसवायचा. दुसरा, त्याच कंपनीच्या लो रेशोच्या मॉडेलची अख्खी हौसिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून उचलायची.

अख्ख्या हौसिंगमध्ये कंपनीचं मूळ सेटिंग न उघडता मिळतं, हा मोठा फायदा. पण घेण्याआधी पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, ड्रमचा व्यास, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, शॉकॲबसॉर्बरच्या जागा, हँडब्रेकची केबल, जॉइंट शाफ्टच्या फ्लँजची (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीची) भोकं आणि एबीएसची रिंग, सगळं आपल्या गाडीवर टेपने मोजून नेलेल्या मापांशी जुळवा. फ्लँज हाताने फिरवा. कुठे अडखळली तर बेअरिंगवर खड्डे पडलेत. कव्हर उघडायला लावा. तेल दुधी असेल तर आत पाणी गेलेलं आहे, जळका वास येत असेल तर हौसिंग तेलाशिवाय पळालेली आहे. भंगारात काढलेल्या गाडीच्या नंबरासह पक्कं बिल मिळत नसेल तर माल कितीही चांगला दिसो, सोडून द्या.

नवा सेट घेताना क्राउन आणि पिनियनवर एकच जोडी क्रमांक कोरलेला आहे ना ते दुकानातच बघा. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एकीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन कधीच नीट बसत नाही. काही हौसिंगांमध्ये ठरावीक रेशोपेक्षा लो गेलं की डिफरन्शियलचा पिंजराही (ज्यावर क्राउन बसतो तो) वेगळा लागतो, कारण लहान पिनियनपर्यंत पोहोचायला क्राउन जास्त आत यावा लागतो. हे विचारायचं राहिलं तर गाडी उघडून गॅरेजमध्ये पडून राहते.

सेटबरोबर पिनियनची दोन बेअरिंगं, बाजूची दोन बेअरिंगं, पिनियनचं ऑइल सील, क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपली जाणारी नळी), पिनियनचा नट, क्राउनचे बोल्ट, शिमचा (पातळ चकत्यांचा) संच, कव्हरचं पॅकिंग आणि तेल घ्या. क्रश स्लीव्ह दोन घ्या. एक वाया जातेच. बेअरिंगं आणि मापाची हत्यारं नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. बेअरिंगचा नंबर लिहून न्या आणि खोक्यावरच्या छपाईवर विसंबू नका, बेअरिंगवर कोरलेला नंबर बघा.

बसवताना काय काय झालं पाहिजे

हे काम घरी करण्यासारखं नाही, पण मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघण्यासारखं नक्की आहे. हौसिंगचं काम रोज करणारा माणूस निवडा. पहिला प्रश्न विचारा, ‘डायल गेज (शतांश मिलिमीटर मोजणारं घड्याळ) आहे का?’ उत्तर ‘हाताला कळतं’ असं आलं तर दुसरं गॅरेज शोधा.

हौसिंग आतून धुतली पाहिजे, नळ्यांसकट. जुन्या बेअरिंगचा चुरा नळीत राहिला तर तो नव्या बेअरिंगला खातो. क्राउनचे नवे बोल्ट थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळायचे.

मग पिनियनची खोली. पिनियन किती आत बसावा हे त्याच्यामागच्या शिमवर ठरतं. जुनी शिम ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पिनियनच्या तोंडावर कोरलेल्या खुणेप्रमाणे ती शतांश मिलिमीटरमध्ये कमी-जास्त करावी लागते. यानंतर नट आवळत क्रश स्लीव्ह चेपायची. त्यासाठी ३०० न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो, म्हणून लांब दांडा आणि फ्लँज धरून ठेवणारी पट्टी हवी. थोडं आवळायचं, पिनियन फिरवून त्याचा अडसर मोजायचा, पुन्हा थोडं. नव्या बेअरिंगांना सील न लावता अडसर साधारण १.७ ते २.८ न्यूटन-मीटर असतो. तुमच्या हौसिंगचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. जास्त आवळलं गेलं तर नट मागे सोडून भागत नाही, कारण चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. दुसरी स्लीव्ह इथे कामाला येते. इम्पॅक्ट गनने हा नट मारणाऱ्याला तिथेच थांबवा.

क्राउन आणि पिनियनमधला प्ले (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजने, क्राउनवर तीन-चार जागी मोजायचा. बऱ्याच पिकअपना ०.१३ ते ०.२० मिमी चालतो. एका जागी ०.१५ आणि समोर ०.२५ आला तर क्राउनच्या बैठकीखाली घाण अडकली आहे किंवा बोल्ट असमान आवळलेत.

शेवटी खूण. क्राउनच्या पाच-सहा दातांना प्रशियन ब्ल्यू किंवा पिवळं मार्किंग कंपाउंड लावून, चाकांना थोडा ब्रेक देत पिनियन फिरवायचा. ओढीच्या बाजूला, म्हणजे दाताच्या फुगीर अंगावर, ठसा उंचीच्या मधोमध हवा. ठसा दाताच्या माथ्याकडे सरकला असेल तर पिनियन दूर आहे, शिम वाढवा. मुळाकडे असेल तर पिनियन जास्त आत घुसला आहे, शिम कमी करा. ठसा दाताच्या आतल्या टोकाला असेल तर क्राउन थोडा दूर न्या, बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ आणा. पण प्ले मर्यादेतच राहिला पाहिजे. एका फटक्यात ठसा बरोबर येणं दुर्मीळ आहे. दोन-तीनदा खोलून शिम बदलावी लागते, आणि मजुरी खरी त्याची असते. मोबाइलवर ठशाचा फोटो काढून ठेवा, पुढे आवाज आला तर वाद घालायला उपयोगी पडतो.

तेल जीएल-५ दर्जाचंच, ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअल सांगेल ते. या आकाराच्या हौसिंगमध्ये दीड ते अडीच लिटर बसतं. बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याचं वेगळं ॲडिटिव्ह विसरू नका.

पहिले ८०० किलोमीटर

पहिल्या दिवशी २५-३० किलोमीटर रिकामी गाडी वेग कमी-जास्त करत चालवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात. त्याच दिवशी माल भरून घाट चढवला तर दातांचं पाणी उतरतं आणि पुढे कायमचा घूं-घूं आवाज राहतो. ८०० किलोमीटरपर्यंत अर्ध्याच्या वर माल नको. मग तेल बदला. पहिल्या तेलात बारीक चकाकता चुरा दिसणं ठीक. नखाला लागेल असा तुकडा दिसला तर कव्हर उघडायलाच हवं.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

ॲक्सिलरेटर देताना एका ठरावीक वेगाला घूं आवाज येतो आणि पाय उचलला की जातो, किंवा याच्या उलट: दातांचा ठसा चुकला आहे. आवाज पाय ठेवला-उचलला तरी तसाच, खरखरत, वेगाबरोबर वाढणारा: बेअरिंग. गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना ‘टण्’: प्ले जास्त आहे किंवा शाफ्टचे क्रॉस गेलेत, आधी क्रॉस तपासा, ते स्वस्त असतात. पिनियनच्या सीलमधून तेल गळतंय आणि सील बदलूनही थांबत नाही: पिनियनचा नट सैल पडलाय किंवा ब्रीदर तुंबलाय, आणि हौसिंगमधली गरम हवा तेलाला बाहेर ढकलते आहे.

ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या माथ्यावरची छोटी टोपी. मुंबईत तिच्याकडे जादा लक्ष द्यावं लागतं. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून तापलेली हौसिंग गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेली की हा त्रास बराच कमी होतो. पाणी एक्सलच्या वर आलेल्या दिवसानंतर दोन दिवसांत बाजूचा प्लग उघडून बोट घालून बघा. तेल कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर त्याच दिवशी बदला, कारण नव्या क्राउनचे दात अशा तेलात काही आठवड्यांत खरवडले जातात.